काविळीचं औषध

आमच्या घरात पत्रं लिहायचं काम माझ्याकडे होतं. बाबांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नसे, आणि आई लिहायला बसली की तिच्या डोळ्यांतलं पाणी कागदावर पडून शाई फुटायची. मी गावच्या शाळेत शिकवत होते, अक्षर वळणदार होतं, त्यामुळे बारशापासून बाराव्यापर्यंतची सगळी पत्रं माझ्याच हातची जात. मुंबईच्या मावशींना गेलेलं कार्डही मीच लिहिलं. "तो सुखरूप पोचला. त्याला कावीळ झाली आहे. पथ्यपाणी चालू आहे. काळजी नसावी."

तो म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय वर्षं एकवीस. आणि त्याला कावीळ झालेली नव्हती.

मुंबईला एका लहान कारखान्यात तो दोन वर्षं नोकरीला होता. राहायला होता या मावशींकडे. त्या आमच्या नात्यातल्या नव्हेत. दाभोळकडच्या एक विधवा बाई, गिरणगावात खानावळ चालवायच्या. रत्नागिरीकडची पाचसहा पोरं त्यांच्याकडे दोन्ही वेळा जेवायची आणि तिथेच पथारी टाकायची. मार्गशीर्षात कारखान्यातल्या एका वयस्क कामगाराचं बाबांना पत्र आलं. पोरगा गर्दच्या नादी लागलाय, कामावर येत नाही, येऊन घेऊन जा. आम्ही ते पत्र तीनदा वाचलं. दारू कळत होती, जुगार कळत होता; गर्द हे काय प्रकरण आहे ते घरात कुणालाच धड कळलं नाही. बाबा दुसऱ्याच दिवशी एसटीनं गेले आणि तिसऱ्या दिवशी त्याला घेऊन आले. अंगणात उभं राहिलेलं ते हाडकुळं माणूस आपल्या घरातलं आहे हे आधी आमच्या कुत्र्यानं ओळखलं, मग मी.

रत्नागिरीत आमच्या ओळखीचे एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी तपासलं, गर्द म्हणजे धूर करून ओढायची भुरी नशेची पूड हे समजावलं, औषधं दिली आणि बाबांना व मला आत बोलावून म्हणाले, "पहिले दहा दिवस हाल होतील, ते निघतील. खरी परीक्षा नंतर आहे. याची ओढ महिनोन्महिने राहते. याला एकटा सोडू नका. आणि लपवू नका. आजूबाजूच्या चार माणसांना सांगून ठेवा. बागेची राखण एकटा माणूस करतो का? मग याची कशी करणार?"

बाबा 'बरं' म्हणाले. एसटी स्टँडवर आल्यावर मला म्हणाले, "चार माणसांना सांगितलं की चाळीस जणांना कळतं. तुझं लग्न व्हायचंय."

हे खरं होतं. चिपळूणचं एक स्थळ आलं होतं आणि त्यांच्याकडून होकार येण्यात होता. बाबांचा विचार असा की लोकांना ताप म्हणून सांगावं. मी म्हटलं, "ताप आठ दिवसांत उतरतो. नवव्या दिवशी लोक विचारतील. कावीळ म्हणू या. ती तीन-चार महिने चालते, माणूस सुकतो, अन्न जात नाही, उलट्या होतात, सगळं जुळतं." बाबांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मलाही माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं. हे मुद्दाम सांगते. पुढे जे झालं त्याचा दोष मी पुष्कळ वर्षं दैवाला, मुंबईला, त्याच्या संगतीला वाटत फिरले. पण तो शब्द माझा होता.

ते दहा दिवस मी लिहिणार नाही. तो माझा भाऊ होता, आणि आपल्या माणसाचे काही हाल आपल्यापाशीच ठेवायचे असतात. अकराव्या दिवशी त्यानं मऊ भाताची आटवल मागून घेतली आणि वाडगा चाटून पुसून खाल्ला. आईनं देवापुढे साखर ठेवली.

मग गावाला कावीळ कळली, आणि गाव धावून आला.

त्या माणसांचं करावं तेवढं कौतुक थोडंच. कुणी भुईआवळीचा पाला आणून दिला, कुणी ऊस. वरच्या वाडीतल्या एका आजीनं काविळीची माळ आणली. कसल्याशा काटक्यांची ती माळ डोक्यावर ठेवायची आणि कावीळ उतरते तशी ती लांबत लांबत गळ्यात येते म्हणे. भाऊ ती घालून अंगणात बसायचा. आईला हळद आणि तेल घरातूनच बंद करावं लागलं, कारण शेजारणी झाकण उचलून बघत. महिनाभर आम्ही सगळ्यांनी पांढरी आमटी खाल्ली. मग एक गृहस्थ आले, ते चुन्याच्या निवळीत हात धुऊन कावीळ उतरवत. त्यांनी मंत्र पुटपुटत भावाचे हात चोळले, आणि परातीतलं पाणी बघता बघता पिवळंधमक झालं. जमलेल्या बायका 'अगो बाय' म्हणून मागे सरल्या.

"ताई," रात्रीचं पान वाढताना तो मला हळूच म्हणाला, "मला खरंच कावीळ होती बघ. पाणीसुद्धा खोटं बोलतं का?"

आम्ही दोघं तोंड दाबून हसलो. कितीतरी दिवसांनी तो हसला होता. मग म्हणाला, "यांना खरं कळलं ना, तर हेच लोक माझ्या हातचं पाणी घेणार नाहीत."

मलाही तसंच वाटत होतं. आज वाटतं, आम्ही त्यांची पारख केली कधी? गावानं काय केलं असतं ते मला माहीत नाही. काहींनी नाकं मुरडली असती, हे नक्की. पण ती माळवाली आजी, तिचा स्वतःचा नवरा ताडीपायी गेला होता. तिनं काय केलं असतं? आम्ही कुणाला संधीच दिली नाही.

डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र आमच्याकडून करून घेतली होती. ओढ लागली की त्यानं ती मनात ठेवायची नाही, कुणातरी एकाला सांगायची. त्यानं मला निवडलं. पण घरात सतत माणसांचा राबता, उघड बोलणार कसं? म्हणून आम्ही ठरवलं की तो नुसतं म्हणेल, "ताई, जरा मागल्या दारी येतेस?" की मी हातातलं टाकून जायचं. आम्ही मागच्या बागेतून चालत सुटायचो, कलमांखालून, पार कातळ लागेपर्यंत. कातळावर बसून तो दगड मारत राहायचा. कधी घामाघूम व्हायचा, कधी रडायचा, कधी मला वाट्टेल ते बोलायचा. अर्ध्या-पाऊण तासानं म्हणायचा, "गेली. चल." पौषात हे दिवसातून तीन-तीनदा व्हायचं. माघात आठवड्यातून दोनदा. फाल्गुन लागला तेव्हा पंधरा दिवसांत एकदाही नाही.

तोवर बागेतले पहिले आंबे काढायला आले होते. बाबांनी त्याच्या हातात झेला दिला. काठीच्या टोकाच्या त्या जाळीत फळ देठासकट अलगद उतरवायचं असतं. देठ तुटला की चीक सांडतो आणि फळ डागतं. त्याचे हात तेव्हा नुकते थरथरायचे थांबले होते. पहिल्या दिवशी त्यानं फार फळं नासली आणि बाबा, जे एरवी एका डागी आंब्यावरून घर डोक्यावर घ्यायचे, ते काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी तो मला झाडाखाली बोलावून म्हणाला, "हात बघ." त्यानं दोन्ही हात पुढे धरले. हात स्थिर होते. आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ काही दाखवलं, पण ते दोन हात मी विसरलेले नाही.

शिमग्याला मुंबईचे चाकरमानी गावाला आले. ग्रामदेवीची पालखी घरोघर फिरते, आणि ज्या घरी येते त्या घरच्या तरण्या मुलानं आपल्या अंगणात तिला खांदा देऊन नाचवायची, अशी आमच्याकडची रीत. मागल्या दोन शिमग्यांना तो आलाच नव्हता. या वर्षी त्यानं धोतर आधीच काढून ठेवलं होतं. आई दहा वेळा म्हणाली, "पालखी नाचवलीन की झालं. मग देवी बघून घेईल."

पालखी आमच्याकडे दुपारी चारला यायची होती. सकाळपासून स्वयंपाकघरात वाडीतल्या सात-आठ बायका पुरणपोळ्यांना बसल्या होत्या. मी तव्याशी होते. अकराच्या सुमाराला खालच्या वाडीतला एक चाकरमानी अंगणात आला. तोही मावशींच्याच खानावळीत जेवायचा. भाऊ अंगणात तोरण बांधत होता. मी खिडकीतून ऐकलं, "काय रं, बरा झालास? मावशीनं पिशवी दिलान हाय तुला. नीट त्याच्याच हातात दे म्हणून सांगितलान."

मावशींच्या पिशव्या नेहमीच यायच्या. मुंबईहून येणाऱ्याच्या हाती काहीतरी पाठवायचं, आणणाऱ्यानं ते न उघडता पोचवायचं, हा आमच्याकडचा धर्मच. मी पोळी उलटली.

थोड्या वेळानं तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. हातात पिशवी होती. चेहरा तसा नेहमीसारखाच, नुसता उन्हातून आल्यासारखा.

"ताई, जरा मागल्या दारी येतेस?"

मी वर पाहिलं. तव्यावर पोळी फुगत होती. शेजारी माळवाली आजी बसली होती, ती हसून म्हणाली, "आता कंदी येल ती? पोळी करपल गो. तुजी ताय काय पळून जातेय व्हय?" सगळ्या हसल्या. मी उठले असते तर विचारलं असतं, काय झालं, कुठे चाललीस, असं काय अडलंय? आणि मला उत्तर देता आलं नसतं. मी म्हटलं, "एवढा घाणा होऊ दे. दहा मिनिटांत येते."

"बरं," तो म्हणाला आणि वळला.

त्या बायकांना खरं माहीत असतं तर त्यांनीच माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलं असतं आणि मला दाराबाहेर ढकललं असतं. हा विचार मी इतक्या वेळा केलाय की त्याची धार आता बोथट व्हायला हवी होती. ती होत नाही.

दहा मिनिटांची तीस झाली. मी मागल्या दारी गेले तेव्हा तिथे कुणी नव्हतं. कातळापर्यंत जाऊन आले. मग मला वाटलं, पोरांबरोबर पालखीला सामोरा गेला असेल. मी परत येऊन पोळ्यांना बसले. हेही लिहायला हवं. परत येऊन बसले.

पालखी आली. ढोल वाजत होते, अंगण भरलं होतं, आई ओटीचं ताट घेऊन उभी होती. 'पोरगा कुठाय, खांदा द्यायला बोलवा' म्हणून हाका सुरू झाल्या. हाक मारत मारत कुणीतरी बागेतल्या मांगराकडे गेलं. तिथे आम्ही पेट्या आणि पेंढा ठेवायचो. तिथून जी हाक आली ती ऐकून आधी एक ढोल थांबला, मग दुसरा.

पेंढ्यावर तो कुशीवर निजलेला होता. धोतर नेसून तयार होता.

आमच्या अंगणात पालखी नाचली नाही. मानकऱ्यांनी ती कुणाला काही न बोलता उचलली आणि अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर नेली. मी त्यांना दोष देत नाही. सुतक ते सुतक. पण ती माणसं पाठमोरी जाताना बघून आई जे ओरडली, ते मला अजून ऐकू येतं. ती देवीला म्हणाली, "तू तरी थांब गो!"

संध्याकाळपर्यंत गावानं आपापसांत ठरवून टाकलं की कावीळ उलटली. कुणी म्हणालं, पोळी खाल्लीन असणार तुपाची, पथ्य मोडलं. आम्ही मानही हलवली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. डॉक्टर आले होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "इतक्या महिन्यांत शरीराची सवय मोडलेली असते, पण मनाला जुनंच माप आठवतं. ते माप आता सोसत नाही." मग म्हणाले, "पण याला इथे मिळालं कुठून?"

ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. त्याचा सदरा धुवायला घेतला तेव्हा खिशात मावशींची चिठ्ठी होती. पेन्सिलीनं, मोठ्या मोठ्या अक्षरांत.

"चि. बाळास आशीर्वाद. तुझी ट्रंक साफ करताना तळाशी तुझं काविळीचं गावठी औषध मिळालं. भुऱ्या पुडीत बांधलेलं. घाईत विसरून गेलास. इकडे मी विचारलं पण तसलं औषध कुठे मिळेना, म्हणून होतं तेवढं सगळं पाठवलं आहे. लाडू आहेत, ते बरा झाल्यावर खा. मी तुझ्यासाठी संकष्टी धरली आहे."

चिठ्ठी घेऊन मी कातळावर गेले आणि तिथे बसून पुन्हा पुन्हा वाचली. मावशींनी माझ्या कार्डातला शब्द न् शब्द खरा धरला होता. पोराला कावीळ आहे, मग पोराच्या ट्रंकेतली पूड काविळीचीच असणार. आमच्याकडे कुठल्या घरात असल्या पुड्या नसतात? मी पाठवलेलं खोटंच मावशींनी मायेनं बांधून मला परत पाठवलं होतं.

पंधरवड्यानं त्यांचं कार्ड आलं. बातमी त्यांना लागली होती. शेवटी लिहिलं होतं, "औषध वेळेवर पोचलं होतं ना? तेवढं कळवा."

घरातली पत्रं मी लिहीत असे. त्या कार्डाला मी उत्तर दिलं नाही.

वर्ष सरल्यावर माझं लग्न झालं, त्याच चिपळूणच्या घरी. त्यांनाही कावीळच सांगितली होती. नवरा भला निघाला, लग्नानंतर दोन महिन्यांनी मी त्याला सगळं सांगून टाकलं तेव्हा तो म्हणाला, "एवढंच? आधी सांगितलं असतंस तरी मी नाही म्हटलं नसतं." तो धीर द्यायला बोलला. मला मात्र मरणाचा राग आला, त्याचा नाही, कुणाचा ते कळेना, आणि मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. ज्यासाठी एवढं लपवलं, ते लपवायची गरजच नव्हती म्हणे.

मावशींना मात्र सांगायचं धाडस होईना. मी स्वतःला समजावत असे की त्या बिचाऱ्या म्हाताऱ्या बाईला हे कळून काय होणार, उगाच जन्माचा घोर. दयेच्या नावाखाली भ्याडपणा छान निभतो. पण एक दिवस शेजारची एक बाई सहज बोलून गेली, मुंबईहून पोरगा आलाय, अगदी सुकून गेलाय, कावीळ झालीय त्याला. ती कदाचित खरीच कावीळ असेल. मला मात्र ती पुडी आठवली. मावशींच्या खानावळीत अजून पाचसहा पोरं जेवत होती, आणि त्यांच्याही ट्रंका होत्या.

मी नवऱ्याला घेऊन मुंबईला गेले. दुपारची वेळ होती, पंगत बसायची होती. मावशी भाताचं पातेलं उतरवत होत्या. मला बघून त्यांनी पदरानं डोळे पुसले, पाणी दिलं, जवळ बसवलं. मी सांगायला लागले. कार्डापासून पुडीपर्यंत सगळं.

मी थांबले तेव्हा त्या आपल्या हातांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या हातानं?"

मी म्हटलं, "नाही मावशी, माझ्या."

"दोन वर्षं मी त्याला दोन्ही वेळा वाढलं," त्या म्हणाल्या. "मला एक कार्ड खरं टाकायचं होतंस गो. मी काय परकी होते? ती ट्रंक मी चुलीत घातली असती."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी मला उठवलं नाही आणि दूरही लोटलं नाही. बाहेर पोरांचे आवाज यायला लागले तशा त्या उठल्या, तोंड धुतलं. पोरं आत आली, हसत-खिदळत पाटांवर बसली. त्यांतल्या एकाच्या अंगावर माझ्या भावाच्या सदऱ्यासारखाच निळा सदरा होता.

मावशींनी भाताचं पातेलं उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"वाढायच्या आधी एक ऐका," त्या म्हणाल्या. "आपल्यात तो पोरगा जेवायचा ना, त्या खिडकीशी. तो काविळीनं गेला नाही. तो गर्दनं गेला. आणि ती पुडी मी पाठवली होती, औषध समजून. तुमच्यात कुणाला लागलं असेल तर आज मला सांगा. चारचौघांत नको असेल तर जेवण झाल्यावर सांगा. मी कुणाला हाकलणार नाही. पण मला खोटं सांगू नका."

मग त्यांनी वाढायला घेतलं.

मी दाराशी उभी होते. माझा भाऊ कशानं गेला ते चारचौघांत, मोठ्यानं, पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते सांगणारी मी नव्हते.